गाणं कानाने बसवताना आधी काय ऐकायचं, चाल की बेस?

उरण तालुक्यात लग्नसराई सुरू झाली की मोरा, करंजा आणि आसपासच्या कोळीवाड्यांत, आगरी गावांत हळदीच्या रात्री बेंजो वाजतो. चार दिवसांपूर्वी यूट्यूबवर आलेलं गाणं आज मांडवात वाजलंच पाहिजे, अशी पोरांची फर्माईश असते. पथकातल्या कुणाकडेही त्या गाण्याचं नोटेशन नसतं. ते कुठे छापलेलंही नसतं. मोबाइलवर गाणं पाच-सात वेळा ऐकायचं, बेंजोवाल्याने चाल उचलायची, कीबोर्डवाल्याने खालचे सूर शोधायचे, ताशा-ढोलवाल्यांनी ठेका आणि तोड पकडायची. संध्याकाळपर्यंत गाणं ‘बसलेलं’ असतं.

मराठीत आपण ‘गाणं बसवणं’ म्हणतो. शब्द अगदी नेमका आहे, कारण चाल आणि तिच्या खालचा आधार एकमेकांवर नीट बसले नाहीत तर गाणं डगमगतं. नाचणाऱ्यांना कारण सांगता येत नाही, पण पाय थांबतात. स्वतः शिकणाऱ्यांचंही नेमकं इथेच अडतं. चाल येते, शिट्टीवर वाजते, बासरीवरही निघते. पण गिटार किंवा कीबोर्ड हातात घेतला की खाली काय वाजवायचं ते कळत नाही.

चाल म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. बेस म्हणजे काय?

चाल म्हणजे आपण गुणगुणतो ती सुरांची ओळ. मुखडा, अंतरा आणि मधले म्युझिक पीस हे सगळं चालीतच येतं. बहुतेकदा ती गाण्यातल्या सगळ्यात वरच्या, ठळक आवाजात असते.

बेस म्हणजे त्याच वेळी सगळ्यात खाली चालू असलेली दुसरी ओळ. तीसुद्धा सुरांचीच असते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ‘बेस’ म्हटलं की आपल्याकडे छातीत धडकणारा डीजेचा आवाज आठवतो. तो धक्का पुष्कळदा ढोलाचा किंवा किक ड्रमचा असतो. बेस लाइन वेगळी. तिला सा, म, प, ध अशी नावं देता येतात आणि ती गातासुद्धा येते. चार तारांच्या बेस गिटारवर सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला लावतात, पुढच्या तीन अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या आसपास. पेटीवरच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक सुमारे २६२ हर्ट्झला बोलते. म्हणजे बेसचं घर तिच्यापासून दोन-अडीच सप्तकं खाली आहे.

आपल्या संगीतात या जागेला जुनं नाव आहे, खर्ज. तानपुऱ्याच्या चार तारांतली शेवटची तार खर्जाची. बैठकीत ती एकच सूर धरून राहते आणि गायक तिच्यावर इमारत उभी करतो. सिनेसंगीतातला बेस मात्र जागेवर बसत नाही. तो चालीखाली सरकत राहतो आणि त्याने पाऊल टाकलं की वरच्या सुराचा अर्थ बदलतो.

एकच सूर, तीन रंग

हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. पेटी, कीबोर्ड किंवा मोबाइलवरचं फुकट पियानोचं ॲप, काहीही चालेल. पांढरी एक हा सा धरायचा. उजव्या हाताने शुद्ध ग दाबून धरायचा आणि सोडायचा नाही. डाव्या हाताने खालच्या सप्तकात आधी सा वाजवायचा. ग प्रसन्न, भरलेला वाटतो. आता वरचा ग तसाच ठेवून खाली सा ऐवजी ध वाजवायचा. त्याच ग मध्ये एकदम हुरहुर येते. मग खाली ग च वाजवायचा. सूर कोरडा, एकटा उभा राहतो.

वरचा सूर तसूभरही हललेला नाही. म्हणजे भाव फक्त चालीत नसतो. चाल आणि खर्ज यांच्यामधल्या अंतरातही तो असतो. चाल अगदी बरोबर वाजवूनही ‘मूळ गाण्यासारखं वाटत नाही’ अशी तक्रार असेल, तर दहातल्या आठ वेळा दोष खालच्या ओळीत सापडेल.

आता एक छोटी ओळ घेऊ. सहा मात्रांचे दोन भाग. कोळीगीतांत सहाच्या अंगाचा झुलता ठेका सर्रास असतो, म्हणून तोच घेतला आहे.

पहिला भाग: ग ग म, प – प
दुसरा भाग: म ग रे, सा – –

खाली बेस किती कमी लागतो पाहा. पहिल्या भागात पहिल्या आणि चौथ्या मात्रेला सा. दुसऱ्या भागात पहिल्या मात्रेला प, चौथ्या मात्रेला सा. वर नऊ सूर झाले, खाली चारच ठोके, आणि त्यांतही सूर दोनच. तरी ओळ पूर्ण वाटते, कारण शेवटी खालच्या प वरून सा वर येणं म्हणजे घरी येणं. आता शेवटच्या सा च्या खाली सा न वाजवता ध वाजवून पाहा. चाल संपलेली असते, पण गाणं संपल्यासारखं वाटत नाही. कान पुढच्या ओळीची वाट पाहत राहतो. संगीतकार हे मुद्दाम करतात, बहुधा अंतऱ्याच्या आधी. बसवणाऱ्याने तिथे नेहमीचा सा ठोकला की ती वाट पाहायला लावण्याची गंमत गेली.

बेंजोकडे हा बेस येतो कुठून?

हळदीतला बेंजो आणि अमेरिकेतला, गोल चामड्याच्या तोंडाचा बँजो यांचा नावापलीकडे संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमध्ये १९१२ साली ‘तायशोगोतो’ नावाचं वाद्य निघालं. लांबट पेटीवर तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं. ते भारतात आलं, बुलबुल तरंग झालं आणि मुंबई-कोकण पट्ट्यात पिकअप लावून, ॲम्प्लिफायरला जोडून बेंजो झालं. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन याच पथकांवर ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा केला होता.

वाद्याची रचनाच सांगते की ते चालीसाठी आहे. बटण दाबलं की सूर. कॉर्ड वगैरे भानगड नाही. बऱ्याच पथकांत बेस गिटारही नसते. मग खालची बाजू कोण सांभाळतं? थोडी कीबोर्डवाल्याचा डावा हात, थोडी ऑक्टोपॅड आणि बरीचशी चामड्याची वाद्यं. ढोलकीच्या किंवा तबल्याच्या जोडीतली जाड आवाजाची बाजू फक्त ठोका देत नाही. डग्ग्यावर मनगट सरकवलं की सूर वर चढतो, घुमतो. जुन्या गाण्यांत बेस गिटार नसतानाही खालची बाजू रिकामी वाटत नाही, ती या घुमाऱ्यामुळे. अशा गाण्यात बेस लाइन शोधायला बसलं तर ती सापडणार नाही, कारण सुरांची ओळ तिथे नाहीच. कानाने शिकणाऱ्याने हे आधी ओळखलं तर दोन तास वाचतात.

सिनेमाच्या गाण्यांत मात्र सरकता बेस फार आधीपासून आहे, आणि त्याचं मोठं श्रेय गोव्याच्या वादकांना जातं. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणी पाश्चात्त्य नोटेशन शिकायला मिळत असे. मुंबईच्या स्टुडिओंत सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा मंडळींनी संगीतकाराच्या चालीखाली सुरांचे थर रचले. संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि अरेंजर तिच्याखाली काय वाजेल ते कागदावर उतरवणार, अशी वाटणी असे. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या पात्राला त्यांचंच नाव दिलं गेलं. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार आली आणि खालची ओळ नुसता आधार न राहता स्वतः लक्षात राहण्यासारखी झाली. बेस ऐकायची सवय लावायची असेल तर सत्तरच्या दशकातली बर्मन यांची गाणी उत्तम. त्यांत बेस लपत नाही.

मराठी कोळीगीतं घराघरांत पोहोचली ती याच काळाच्या आसपास. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत, हेमंतकुमार आणि लता मंगेशकर यांचे आवाज. ही गाणी आजही प्रत्येक बेंजो पथकाला यावीच लागतात. ती नुसती चालीवर वाजवली तर ओळखू येतात, पण खालच्या हालचालीसकट वाजवली तरच लाटेवर झुलतात.

मोबाइलवर बेस ऐकू का येत नाही?

येतो, पण अर्धवट. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खालचे सूर नीट उमटवता येत नाहीत. ५५ हर्ट्झचा बेस तो वाजवणार कसा? तरीही आपल्याला खाली काहीतरी चाललंय असं जाणवतं. त्यामागे कानाची आणि मेंदूची एक करामत आहे. कुठलाही वाजवलेला सूर एकटा नसतो. ५५ हर्ट्झच्या तारेतून ११०, १६५, २२०, २७५, ३३० असे तिच्या पटीतले उपस्वरही निघतात. स्पीकर खालचे गाळतो, वरचे ऐकवतो. मेंदू त्यांच्यामधलं ५५ चं समान अंतर पकडतो आणि न वाजलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून मोबाइलवर बेसचा सूर अंधुक ओळखता येतो, पण तो कुठल्या सप्तकात आहे, हे ठरवताना हमखास गल्लत होते. साधे वायरचे इअरफोन लावले तरी फरक पडतो.

हळदीच्या रात्री याच्या उलटं घडतं. मांडवापासून चार गल्ल्या लांब झोपलेल्याला बेंजोची चाल ऐकू येत नाही, नुसतं खालचं ‘धम्म धम्म’ येतं. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरच्या वर असते. घरं, भिंती तिला फारशा अडवत नाहीत, ती वळसा घालून येते. हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी हातभरसुद्धा नसते, ती भिंतीशीच थबकते. लाउडस्पीकरला रात्री दहानंतर बंदी घालणारा २००० सालचा नियम आहे. त्यावरून होणारी शेजाऱ्यांची भांडणं चालीवरून नसतात, बेसवरून असतात.

कान आणि खालचे सूर यांच्या नात्यावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लॉरेल ट्रेनर आणि मायकेल होव्ह यांच्या गटाने काम केलं. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन सूर एकत्र वाजत असताना वेळेची चूक झाली तर ती खालच्या सुरात लवकर कळते, आणि लोक ठेका धरतात तोही खालच्या सुराला धरून. सुराची चूक मात्र वरच्या आवाजात लवकर कळते. शिकणाऱ्याला याचा सरळ उपयोग आहे. बेस शोधताना आधी तो कधी वाजतो ते पकडायचं आणि मग कुठला सूर वाजतो ते. बहुतेक जण उलट क्रमाने जातात आणि थकतात.

सा कुठे आहे?

बसवायला घेतलेल्या गाण्याची पट्टी ठरवणं हे पहिलं काम. पुरुष गायक असेल तर काळी एक, पांढरी दोनच्या आसपास, गायिका असेल तर काळी चार, काळी पाचच्या आसपास सा असण्याचा संभव जास्त, एवढा अंदाज सुरुवातीला पुरतो. मग मुखडा संपतो तिथला सूर धरायचा. पण नुसत्या चालीवर विश्वास ठेवू नये.

इथे एक ठरलेला चकवा आहे. गाण्यात सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या लागल्या की शिकणारा ठरवून टाकतो, सा पांढरी एक. पण तेच सात सूर घेऊन गाणं पांढरी सहावर विसावत असेल तर सा तिथे असतो. मग तो बिलावल थाट न राहता आसावरी होतो, म्हणजे कीबोर्डवाल्यांच्या भाषेत मेजर जाऊन मायनर. पट्ट्या एकही बदललेल्या नसतात, घर बदललेलं असतं. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. घर कुठलं, हे बेस सांगतो. मुखड्याच्या शेवटी, ठेका समेवर येतो त्या क्षणी सगळ्यात खाली कोणता सूर आहे तो शोधायचा. गाण्याचा अगदी शेवटचा बेस सूर मिळाला तर आणखी चांगलं. तो बहुतेकदा सा च असतो.

एकदा सा मिळाला की खालची ओळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. साध्या गाण्यात बेस सा, म, प आणि ध या चार ठिकाणांतच बराच वेळ फिरतो. प्रत्येक ठेक्याच्या पहिल्या मात्रेला या चारांपैकी कोण आहे, एवढाच प्रश्न विचारायचा. तो सूर गळ्यातून गायचा. आपला गळा तेवढा खाली जात नाही, म्हणून एक किंवा दोन सप्तकं वर गायचा. गाता आला नाही तर तो ऐकूच आलेला नाही, असं समजायला हरकत नाही. बोटांनी पट्ट्या चाचपडून सूर सापडतो, पण तसा सापडलेला सूर दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

चुका कुठे होतात तेही जवळपास ठरलेलं आहे. खालच्या सा मधून प चा उपस्वर स्पष्ट निघतो, म्हणून बेस सा वर असताना कानाला प वाटतो. शंका आली की दोन्ही गाऊन पाहायचे. जो गाताना आपला आवाज मूळ गाण्यात विरघळतो, तो खरा. दुसरी चूक ढोलाची. किक ड्रम आणि बेस एकाच क्षणी वाजतात आणि ढोलाचा घुमारा बेसच्या सुरावर पांघरूण घालतो. अशा वेळी ठोक्यावर लक्ष न देता ठोक्यानंतरच्या शेपटीवर द्यावं. ढोल विझतो, बेसची तार थोडी जास्त टिकते. तिसरी चूक जरा वरच्या इयत्तेची आहे. कॉर्ड सा ची असून बेस खाली ग वाजवतोय, असं संगीतकार करतात. मग सगळं बरोबर असूनही काहीतरी खुपतं. तिथे कॉर्ड बदलायची नसते, फक्त डाव्या हाताचं बोट हलवायचं असतं.

लाँचमधला तानपुरा

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये साधारण पाऊण-एक तास जातो, आणि त्या वेळात खाली डिझेल इंजिन घुमत असतं. कानाच्या सरावासाठी याहून स्वस्त तानपुरा नाही. गणित सोपं आहे. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर त्यात सेकंदाला ७५ स्फोट होतात, म्हणजे ७५ हर्ट्झचा सूर. ही पांढरी दोनपेक्षा किंचित चढी पट्टी झाली, बेस गिटारच्या तिसऱ्या तारेच्या जवळची. तांडेलाने वेग वाढवून १६०० फेरे केले की ८० हर्ट्झ, म्हणजे जवळपास अर्धा स्वर वर. प्रत्येक लाँचचं इंजिन वेगळं, त्यामुळे आकडे बदलतील. पण त्या घुमाऱ्यात सा धरायचा, मग त्याच्यावर ग, प गुणगुणायचे आणि वेग बदलला की नवा सा पकडायचा, हा सराव कुठल्याही ॲपइतकाच चांगला आहे. शेजारचे प्रवासी बघतात, ते चालायचंच.

कॅसेटपासून ॲपपर्यंत

कॅसेटच्या काळात गाणं बसवणं म्हणजे रिवाइंडचं बटण झिजवणं होतं. बॅटरी उतरली की टेप हळू फिरे आणि गाणं अर्ध्या-पाऊण पट्टीने खाली येई. अशा टेपवरून चाल उचलणारा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये सूर शोधत बसे. पण वेग आणि सूर यांच्या या जोडीचा फायदाही घेता येत असे. तेहतीसची एलपी पंचेचाळीसवर लावली की सगळं सुमारे पाच अर्धस्वर वर सरकतं, सा जवळपास म होतो आणि खोल दबलेला बेस वर येऊन ओळखू येतो. गाणं चिपमंकसारखं वाजतं, पण काम होतं.

आता यूट्यूबवर वेग अर्धा केला तरी सूर जागेवर राहतो. कठीण पीससाठी हे वरदान आहे. बेससाठी मात्र अर्ध्यापेक्षा पाऊण वेग बरा, कारण फार हळू केलं की खालचे सूर भुरकट होतात आणि ठेका हरवतो. त्याहून मोठी उडी म्हणजे गाण्याचे थर वेगळे करणारी सॉफ्टवेअर. डीझर कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ सगळ्यांसाठी खुलं केलं. ते गाण्यातून गायकाचा आवाज, ड्रम, बेस आणि उरलेली वाद्यं असे चार भाग करून देतं. तशीच काम करणारी मोबाइल ॲप आज अनेक आहेत. ती वापरू नयेत असं नाही. पण आधी कानाने बेस लिहून काढावा आणि मग वेगळा केलेला बेस ऐकून तपासावं. पहिल्यांदाच ॲप लावलं तर त्या एका गाण्याचा बेस मिळतो, कान तसाच राहतो. शिवाय ही सॉफ्टवेअर ढोल आणि बेस यांच्यात गोंधळतात. आपल्या हळदीच्या गाण्यांत तर हमखास, कारण तिथे दोघांचा मुक्काम एकाच मजल्यावर असतो.

जिथे बेस लावू नये तिथे काय होतं?

कीबोर्डवर ‘स्टाइल’ नावाची सोय असते. डाव्या हाताने एक कॉर्ड दाबली की मशीन आपोआप ठेका आणि बेस वाजवतं. हा तयार बेस बहुतेकदा सा–प, सा–प असा चालतो. शंभरातल्या सत्तर गाण्यांना तो खपून जातो, म्हणूनच तो धोक्याचा आहे.

मालकंस घ्या. त्यात सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि एवढेच सूर. रे नाही आणि प तर मुळीच नाही. म्हणून मालकंस गाताना तानपुऱ्याची पहिली तार प ला न लावता म ला लावतात. मालकंसाच्या अंगाच्या चालीखाली मशीनचा सा–प सुरू केला की दर ठेक्याला वर्ज्य सूर वाजतो. गाणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, तरी राग मोडतो. अशा चालीला खाली सा आणि म पुरतात. रागाखाली यंत्राचा बेस चालूच शकत नाही, असंही नाही. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर वाजवून रेकॉर्ड काढली. तिच्यात खालची बाजू रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या बेस मशीनने सांभाळली होती. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी विकत घेतली नाही. पुढे शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ संगीतात तेच मशीन गाजलं, आणि २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली.

हाच प्रश्न आगरी लग्नातल्या धवल्यांपाशी जास्त नाजूक होतो. लग्नविधींच्या वेळी धवलारीण ही गाणी म्हणते. ती एका पिढीकडून दुसरीकडे कानानेच आलेली आहेत. त्यांना कॉर्ड नाहीत, बेस नाही, साथीला वाद्यही लागत नाही. चाल थोड्या सुरांत फिरते आणि तिचा विसावा पेटीच्या पट्टीवर नेमका बसेलच असं नाही. अशा गाण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून, खाली कीबोर्ड चढवून ते इन्स्टाग्रामवर टाकलं जातं तेव्हा बसवणारा खाली जो सूर निवडतो, त्याने गाण्याचं घर ठरून जातं. खाली सा धरला तर तेच गाणं आनंदाचं वाटेल, खाली ध धरला तर निरोपाचं. धवलारणीने यातलं काहीच ठरवलेलं नसतं. ऐकणाऱ्या पुढच्या पोरांसाठी मात्र तीच ‘मूळ चाल’ होते, कारण त्यांनी तेवढंच ऐकलेलं असतं.

म्हणून असं गाणं बसवायला घेताना आधी बाईंचा नुसता आवाज, एकही वाद्य न मिसळता, पूर्ण रेकॉर्ड करून वेगळा ठेवावा. वाद्यांची आवृत्ती करायचीच असेल तर खाली सरकता बेस न लावता एकच सूर, तानपुऱ्यासारखा, हळू धरावा. तो सूर कुठला, हे कीबोर्डवाल्याने न ठरवता दोन-तीन सूर धरून दाखवावेत आणि गाणाऱ्या बाईंना विचारावं, यातल्या कशावर तुमचं गाणं बसतं.